ड्रायव्हरच्या सीटवरचा माणूस

कॅम्प-१, भिलाई
१८ नोव्हेंबर २०२५

चि. नीतूले काकूचा आशीर्वाद.

हे पत्र टीना मोबाईलवर फोटो काढून पाठवून देईन. मले टाइप करणं जमत नाही, अन् कानाचं तर तुले माहीतच आहे, फोनवरचं आता काहीच ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठावरून जे समजते तेवढं समजते. म्हून कागदच बरा. तुले लहानपणी मराठी अक्षरं मीच शिकवली, आता या घरात मले मराठीत लिहिणारी तूच एक उरली. टीना माझी पोटची पोरगी, पण ती हिंदीतच बोलते अन् हिंदीतच लिहिते.

तुमच्या कंपनीची गाडी आली. पावर हाऊस स्टेशनवरून निघते, आपल्या कॅम्पच्या बाजारातून जाते अन् नंदिनी नगरले पोहोचते. पांढरी व्हॅन आहे. ड्रायव्हरच्या सीटवर तुझे काका बसतात, पण चालवत नाहीत. हात मांडीवर. स्टिअरिंग आपलं आपणच फिरते. काही गडबड दिसली तर तेवढ्यापुरतं हातात घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. पोट्टे तिले भूतवाली गाडी म्हणतात.

पहिल्यांदा कोणी बसतच नव्हतं. पानठेल्यावरचे भैय्याजी सगळ्याईसमोर काकाले म्हणे, "बिना आदमी के चलती है, तो तू काहे को बैठा है बाबुलाल?" तुझे काका नुसते हसले. मग बाया मले विचारू लागल्या, तुझ्या पुतणीनं बनवली न, मग तू कावून नाही बसत? मी बसली. मी बसली म्हून शेजारची ठकूबाई बसली, अन् ती बसली म्हून तिची सून. आता सकाळी जागा भेटत नाही.

पण तुझ्या काकाचं काही ठीक दिसत नाही मले. एवढी वर्षं मिनीबस चालवली, घरी आले का पाय पसरून निवांत. आता दिवसभर बसून येतात अन् गळून गेलेले असतात. परवा जेवताना हात पाह्यला तर तळव्यावर नखांचे वळ. म्हणाले, "चालवणं सोपं होतं चंदा. हे पाहत राहणं जड आहे."

माझ्या भरवशावर लोकं बसून राहिले, म्हून विचारते. आजपर्यंत या गाडीनं कुठं कोणाले लागलं का? एवढं साफ लिही.

तुझी काकू

*

पुणे
२२ नोव्हेंबर

प्रिय काकू,

तुझं पत्र ऑफिसातच वाचलं. तू बसलीस हे वाचून इतकं बरं वाटलं की शेजारच्या मुलीला दाखवलं. तिला मराठी येतं, पण "बसून राहिले" वाचून ती गोंधळली. तिला वाटलं, लोक उतरतच नाहीत; आपल्याकडे ते "बसतायत" आहे, हे सांगावं लागलं.

आता तुझा प्रश्न. नाही, काकू. कुठंही कोणाला लागलेलं नाही. आमची व्हॅन चारही बाजूंना एकाच वेळी बघते. तिला झोप येत नाही, राग येत नाही, ती मोबाईलवर बोलत नाही. समोर कोणी आलं तर माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तिचा ब्रेक लागलेला असतो. ठकूबाईला खुशाल सांग.

काकांना सांग, हात सैल ठेवा. सवयीचा प्रश्न आहे. जे लोक आयुष्यभर गाडी चालवतात त्यांना सुरुवातीला जड जातं, मग सवय होते. आणि त्यांना म्हणावं, नीतूवर भरवसा ठेवा. तेवढा ठेवला तरी पुरे.

टीनाला मराठीत एक ओळ तरी लिहायला लाव.

तुझी नीतू

*

कॅम्प-१, भिलाई
२ जानेवारी २०२६

नीतू,

टीनानं तुले फोन केलाच असन. तरी मी लिहिते, कारण मले माझ्या हातानं लिहायचं आहे.

परवा संध्याकाळी बाजारात तुमच्या गाडीनं टिकारामले उडवलं. तोच टिकाराम, आपल्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर कपडे इस्त्री करते तो. गाडी सरळ येत होती, अन् एकदम डावीकडे वळून त्याच्या ठेल्यात घुसली. ठेला उलटला, पेटलेला कोळसा रस्ताभर झाला, अन् टिकाराम चाकाशी. मांडीचं हाड मोडलं आहे. दवाखान्यात आहे, ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण पायाचं डॉक्टर आता काही सांगत नाहीत.

मी भाजी घेऊन राहिली होती. मले आवाज येत नाही तुले माहीत आहे. मी फक्त पाह्यलं, का सगळे लोकं एकाच दिशेनं धावून राहिले. मी पोहोचली तवा गाडीवर दगडं पडत होते. काच फुटली. काकाले कोणीतरी ओढून बाहेर काढलं. मले वाटलं आता यायले मारतीन. पण लोकाईनं काकाले पाणी पाजलं, खांद्यावर हात ठेवला. भैय्याजी म्हणे, "बाबुलाल बेचारा स्टिअरिंग खींचते रह गया, मशीन मानी ही नहीं."

तुझे काका तवापासून बोलले नाहीत. एक अक्षर नाही.

टिकारामची बायको चंद्रकली दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मी जवळ गेली तर म्हणाली, "तैंच त कहे रेहे, दीदी, बने गाड़ी हे." तूच तर म्हणत होतीस, चांगली गाडी आहे. तिच्या ओठावरून मले एक एक शब्द समजला. तवा मले वाटलं, आज डोळे पण गेले असते तर बरं झालं असतं.

तू लिहिलं होतं कोणाले लागत नाही. मी तेच सगळ्याईले सांगतलं होतं.

काकू

*

पुणे
६ जानेवारी
(स्पीड पोस्टानं)

प्रिय काकू,

हे पत्र मोबाईलवर पाठवत नाही, कारण ते टीनाच्या आधी तू वाचावंस असं वाटतं. कोणी जवळ नसताना वाच.

व्हॅनमध्ये सगळ्याचं रेकॉर्डिंग असतं. ते बघणाऱ्यांत मी होते. मी ते पुन्हा पुन्हा बघितलं, आपल्या बघण्यात काही चुकत असेल या आशेनं.

गल्लीतून एक स्कूटरवाला वेगानं बाहेर आला. व्हॅननं त्याला पाहिलं आणि ब्रेक लागायला सुरुवात झाली. त्याच क्षणी काकांनी स्टिअरिंग धरलं आणि डावीकडे ओढलं. काकू, माणसाचा हात स्टिअरिंगवर आला की व्हॅन सगळं त्याच्या हवाली करते. ब्रेकसुद्धा सोडते. काकांनी ब्रेक दाबला, पण तोवर व्हॅन टिकारामच्या ठेल्यात शिरली होती. आमचा हिशेब सांगतो की त्यांनी हात लावला नसता तर व्हॅन स्कूटरपर्यंत पोचायच्या आधीच थांबली असती.

काकांनी स्कूटरवाल्याला वाचवायला हात घातला, हे स्पष्ट दिसतं. त्यांचा चेहराही दिसतो. तो मी तुला लिहून सांगू शकत नाही.

कंपनीला हे आजच जाहीर करायचं होतं. "गाडीचा दोष नाही, ऑपरेटरची चूक," अशी बातमी तयार होती. चौकशीच्या आधी असं केलंत तर मी या गाडीच्या कामातून माझं नाव काढून घेईन, असं सांगून मी ते थांबवलं आहे. किती दिवस थांबेल माहीत नाही. तू एकदा काकांना विचार. ओरडू नकोस त्यांच्यावर. फक्त विचार.

नीतू

*

कॅम्प-१, भिलाई
१५ जानेवारी

नीतू,

तुझं पत्र वाचलं अन् चुलीत टाकलं.

हे पत्र पण टीनाच्या हाती देत नाही, मीच पोस्टात टाकून येईन. तिले काही माहीत नाही.

काल पेपरात आलं आहे. तुमच्याच गाडीनं कोणत्यातरी गोदामाच्या आवारात एका चौकीदाराची सायकल चुरडली होती, अन् तो पडून त्याच्या हाताले टाके पडले होते. आपल्या भिलाईत गाडी यायच्या आधीची गोष्ट. टीनानं मले वाचून दाखवलं. मी तिले दोनदा वाचाले लावलं, म्हटलं ओठ चुकीचे वाचले असतीन मी.

तुले माहीत होतं? माहीत असनच. मग मले "कुठंही कोणाला लागलेलं नाही" कावून लिहिलं?

आता तू म्हणते का चूक काकाची आहे. मी तुझी कोणती गोष्ट खरी मानू? तुमच्याच मशीननं तुमच्याच कंपनीले सांगतलं, का मशीन चांगली अन् माणूस खराब. असंच तर सांगीन न ती. मोठ्या लोकाईच्या गाडीची चूक कधी निघते का? इथं स्टील प्लांटात काही झालं का पहिले कोणाचं नाव येते, ते आमाले माहीत आहे.

तरी मी विचारलं. जेवाले बसले होते. मी म्हटलं, "स्टिअरिंग तुम्ही फिरवलं का?" ते ताटावरून उठले, हात धुतले, चपला घातल्या अन् निघून गेले. पार सुपेल्यापर्यंत पायी जाऊन आले. आले तवा मी काही विचारलं नाही. मले उत्तर भेटलं होतं.

पण नीतू, ऐक. बाजारात लोकं तुझ्या काकाले मान देऊन राहिले. टिकारामचे भाऊ म्हणतात, का बाबुलालभैय्यानं कोशिश तरी केली. हे खरं जर बाहेर आलं तर आमाले इथं राहणं नाही होणार. पोलीस केस होईन, लायसन जाईन. टीनाचं लग्नाचं बोलणं चालू आहे. मशीनवर नाव जाऊ दे. मशीनले पोरंबाळं नाहीत, तिले तोंड दाखवावं लागत नाही.

तुझी माय गेली तवापासून मी तुले वेगळी नाही समजली. त्याचं बोलून दाखवत नाही. पण तू जर काकाचं नाव घेतलं तर मले पत्र लिहू नको.

काकू

*

पुणे
२१ जानेवारी

प्रिय काकू,

तू लिहू नको म्हणालीस, तरी हे एक लिहिते.

चौकीदाराचं मला माहीत होतं. आम्हाला सांगितलं होतं की बाहेर बोलायचं नाही. मी स्वतःला समजावलं की तो पडून लागलं, व्हॅननं लागलं नाही. तुला ती ओळ लिहिताना मी तेवढ्या फटीतून निसटले. तू माझ्या शब्दावर लोकांना बसवत होतीस आणि मी तुला वकिलासारखं उत्तर दिलं. आता मी खरं सांगते तेव्हा तुला खोटं वाटतं, आणि तसं वाटणं बरोबर आहे.

पण तू म्हणतेस तसं मशीनवर नाव टाकून मी गप्प बसू शकत नाही. कारण सांगते. मशीनची चूक धरली तर आम्ही मशीन तपासत बसू, आणि खरी चूक तशीच राहील. एवढी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं आणि एरवी हात लावू नको म्हणायचं, आणि त्यानं घाबरून हात लावलाच तर ऐन वेळी ब्रेक सोडून द्यायचा, हे कोणी ठरवलं? ते आमच्या खोलीत ठरलं. त्या खोलीत मीही होते. काकांच्या जागी कोणीही असतं तरी हात गेलाच असता. तू मला तळव्यावरच्या वळांचं लिहिलं होतंस. मी "सवय होईल" म्हणून टाकलं.

मी चौकशी अधिकाऱ्यांना लेखी दिलं आहे. काकांनी स्टिअरिंग फिरवलं, हे लिहिलं आहे. व्हॅननं ब्रेक सोडला आणि तो सोडणं हा आमचा दोष आहे, हेही लिहिलं आहे. चौकीदाराचंही लिहिलं आहे. कंपनीला विचारलं नाही.

पाच फेब्रुवारीला तिथं लोकांसमोर सुनावणी आहे. काकांना हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून आधी तुला लिहिते. हे पत्र त्यांना दे. शिव्या दिल्या तरी चालेल.

नीतू

*

कॅम्प-१, भिलाई
९ फेब्रुवारी

नीतू,

तुझं पत्र मी काकाले दिलं नव्हतं. पिठाच्या डब्यामागं ठेवलं होतं. दोन्ही बाजूनं मनात येऊन राहिलं. सुनावणीच्या सकाळी ते दाढी करत होते तवा मी ते आरशासमोर ठेवून दिलं अन् पाणी भराले गेली. आली तर पत्र घडी करून खिशात ठेवलेलं, अन् ते शर्टाच्या गुंड्या लावून राहिले. मले म्हणाले, "तू घरी थांब." मी म्हटलं, येते.

सामुदायिक भवन गच्च भरलं होतं. मी पहिल्या ओळीत बसली, म्हणजे ओठ दिसतात. टीना माझ्या बाजूले. पहिले तुमच्या कंपनीचा माणूस उठला. पडद्यावर रंगीत रेषा दाखवून काहीतरी समजावून राहिला. थोड्या वेळानं मागं लोकं उभे झाले, त्याच्या अंगावर कागदाचे बोळे पडले. टीनानं मले सांगतलं, लोकं म्हणतात, "चौकीदार का भी तुमने छुपाया था, अब कौन मानेगा?" चौकशीच्या साहेबानं हात वर करून सगळ्याईले बसवलं.

तवा तुझे काका उठले. साहेबानं बोलावलं पण नव्हतं. ते समोर जाऊन उभे राहिले, अर्धी पाठ माझ्याकडं. मले त्यांचे ओठ दिसेनात. मी लोकाईचे चेहरे पाहत होती. पहिले सगळे मान हलवून राहिले, का आपला माणूस बोलते. अन् मग एकाएकी त्या माना थांबल्या. भैय्याजीचं तोंड उघडं राहिलं. टिकारामचा मोठा भाऊ दयाराम खुर्चीवरून अर्धा उठला. टीनानं माझा हात एवढा घट्ट धरला का बांगडी रुतली. मी विचारलं, काय म्हणतात? तिनं माझ्याकडं तोंड केलं, अन् पहिल्यांदाच तिनं मले मराठीत सांगतलं. म्हणाली, "बाबा म्हणतात, स्टिअरिंग मी फिरवलं."

मग साहेबानं विचारलं, "तो क्या गाड़ी ठीक थी?"

तवा ते जरा वळले होते, म्हून हे मी माझ्या डोळ्यानं वाचलं. "मालूम नहीं साहब. मैं रुकता तो मालूम पड़ता. मैं रुका नहीं."

साहेब म्हणे, "कावून नाही रुकले?" म्हणजे हिंदीत, तसंच. काका म्हणाले, त्या मशीनचा भरवसा मले कधी वाटलाच नाही. रोज लोकं मले पाहून गाडीत चढत, का बाबुलाल बसला आहे तर काय भेव. अन् मी बसल्या बसल्या रोज भेऊन राहिलो होतो. ते मले सांगाले पाहिजे होतं. नाही सांगतलं.

त्यानंतर साहेबानं तुझा कागद वाचला. ब्रेक सुटते ती गोष्ट आली तवा तुमच्या कंपनीचा माणूस मान खाली घालून बसला होता.

तुले वाटत असन, खरं बोलले म्हून लोकं वाहवा करतीन. तसं काही झालं नाही. बाहेर निघालो तर दयारामनं काकाची कॉलर धरली. लोकाईनं सोडवलं. अर्धे म्हणतात बाबुलालनं टिकारामचा पाय घेतला, अन् अर्धे म्हणतात कंपनीनं त्याले फोडलं, पुतणीच तिथं आहे, म्हून खोटा गुन्हा अंगावर घेतला. आता खऱ्यावरही कोणी भरवसा नाही करत. केस लागली. लायसन जमा झालं. टीनाच्या लग्नाचं बोलणं त्या लोकाईनं थांबवलं. टीना म्हणे, थांबलं तर थांबलं.

काल आम्ही टिकारामले पाहाले गेलो. चंद्रकलीनं आमाले पाहून तोंड भिंतीकडं केलं. टिकाराम छताकडं पाहत होता. काका पलंगाजवळ उभे राहिले. हात जोडाले गेले तर टिकाराम म्हणाला, "हाथ मत जोड़. अतेक दिन मशीन ऊपर गुस्सा करत रेहेंव, गुस्सा लगबे नइ करय. अब आदमी मिलगे." इतके दिवस मशीनवर राग करत होतो, तो कुठं लागतच नव्हता. आता माणूस भेटला. निघताना तो म्हणाला, "काली आबे." उद्या ये. राग कराले बोलावलं का कशाले, ते मले समजलं नाही. पण काका आज गेले आहेत.

काकासंग स्वतःचंही नाव तू घेतलं. मी म्हटलं होतं पत्र लिहू नको. ते मी मागं घेते.

काकू

*

पुणे
२० फेब्रुवारी

प्रिय काकू,

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले.

भिलाईतली व्हॅन बंद केली आहे. चौकशीनं आमच्यावर ठपका ठेवला, आणि टिकारामच्या उपचाराचा खर्च कंपनीनं करायचं ठरलं. ब्रेकचं बदललं. आता हात लागला तरी ब्रेक सुटत नाही. एवढी साधी गोष्ट होती, काकू. एका दुपारी झाली.

मला त्या कामावरून काढून दुसऱ्या विभागात बसवलंय. कोणी काही बोललं नाही, फक्त जेवायला कोणी हाक मारत नाही. मी राजीनामा लिहिला आणि दिला नाही. इथं कोणीतरी "नाही" म्हणणारं बसलेलं बरं, असं वाटतं. पण मला स्वतःचंच खरं वाटेनासं झालंय. व्हॅन सुरक्षित आहे का, असं कोणी विचारलं तर आता मी आधी गप्प होते.

काका माझ्याशी बोलतील का? होळीला येऊ का?

नीतू

*

कॅम्प-१, भिलाई
२६ फेब्रुवारी

चि. नीतूले आशीर्वाद.

ये. विचारायचं काय त्यात. दुर्ग स्टेशनवर टीना घ्याले येईन.

काका बोलतीन का, ते मले सांगता येत नाही. ते कमीच बोलतात. रोज टिकारामकडं जातात. कधी तासभर बसतात, कधी उलट्या पायी परत येतात. टिकाराम त्यांच्यासंग बोलते का भांडते, ते घरी सांगत नाहीत. चंद्रकली अजून तोंड फिरवते. ठकूबाई माझ्यासंग बोलते, पण कोणी पाहून तर नाही राहिलं, हे पहिले पाहते.

काल कोर्टात तारीख होती, म्हून आम्ही दोघं ऑटोनं दुर्गले गेलो. मी त्यांच्या बाजूले, मागच्या सीटवर. नवीन पोट्टा होता चालवणारा, कुठंही घुसवत होता. पद्मनाभपूरच्या वळणावर एक गाय मधात आली, अन् मले माझ्या बाजूले काहीतरी हललं असं वाटलं. मी खाली पाह्यलं. तुझ्या काकाचा उजवा पाय ऑटोच्या पत्र्यावर गच्च दाबलेला होता. चेहरा बाहेर, जसं काही होऊनच नाही राहिलं. पुढं सिग्नल आला, पुन्हा दाबला. स्कूटर आली, पुन्हा.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडं नाही पाह्यलं. पाय थोडा वेळ सैल झाला, मग पुन्हा दाबू लागले. कोर्टाच्या फाटकापर्यंत तसंच चाललं. मी हात काढला नाही.

काकू